एक अत्यंत निरुपद्रवी चेंडू

माणसाने आजवर बनवलेल्या चेंडूंमध्ये सगळ्यांत निरुपद्रवी चेंडू कोणता, असं कोणी विचारलं तर मी बेधडक व्हिफल बॉलचं नाव सांगेन. पांढरं पोकळ प्लॅस्टिक. आकार बेसबॉलएवढा, वजन जेमतेम 20 ग्रॅम. अर्ध्या अंगाला आठ लांबट भोकं, उरलेलं अर्धं अंग गुळगुळीत. काचेवर बसला तर काच फुटत नाही, कपाळावर बसला तर टेंगूळ येत नाही. सगळी ताकद लावून हाणला तरी थोडा वर जातो, हवेतच मत बदलतो आणि खाली येतो.

आमच्या मित्रमंडळींत आणि नातेवाइकांत गेल्या काही वर्षांत जेवढे अबोले धरले गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक या चेंडूपायी धरले गेले आहेत. उरलेले घरांच्या किमतींवरून.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनच्या जवळ. इथे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. या दोन सोमवारांच्या मध्ये वर्षभराचं ऊन उरकून घ्यायचं असतं. त्यामुळे दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या बॅकयार्डात पॉटलक. ग्रिलवर कणसं, पनीर, चिकन. डेकवर पन्ह्याचा थर्मास. सावलीत घडीच्या खुर्च्या. पूर्वी जेवणं झाली की बायका एकीकडे आणि आम्ही एकीकडे, अशी सनातन मांडणी असे. आमच्याकडे विषय तीनच: ग्रीन कार्डाची रांग, मुलांची कॉलेजं आणि कोलेस्टेरॉल. वर्षं सरली तसा त्यांचा क्रम तेवढा बदलत गेला. कोलेस्टेरॉल पहिल्या क्रमांकावर आलं त्या उन्हाळ्यात माझी मुलगी दुकानातून एक बारीक, पिवळी, प्लॅस्टिकची बॅट आणि हा चेंडू घेऊन आली.

"तुम्ही सगळे नुसते बसलेले असता," ती म्हणाली. "जरा हला. यात कोणाला काही लागत नाही."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

हा खेळ निघाला तोही अगदी अशाच सद्हेतूने. 1953 साली कनेटिकट राज्यातल्या फेअरफिल्ड गावी डेव्हिड मलेनी नावाचे गृहस्थ राहत होते. गाड्यांच्या पॉलिशचा धंदा बसलेला, घरात काळजी. त्यांचा 12 वर्षांचा मुलगा मागच्या अंगणात मित्राबरोबर झाडूच्या दांड्याने गोल्फचा प्लॅस्टिकचा चेंडू बडवत असे. खऱ्या चेंडूने खेळायचं तर जागा कमी, गडी कमी आणि शेजाऱ्यांच्या काचा मात्र भरपूर. चेंडू वळवायच्या नादात पोराचा हात भरून यायला लागला. मलेनी स्वतः एके काळचे बेसबॉलमधले पिचर. त्यांनी एका अत्तराच्या कंपनीच्या पॅकिंगमधले प्लॅस्टिकचे गोळे मिळवले आणि बापलेक ब्लेड घेऊन बसले. इथे काप, तिथे काप. शेवटी एकाच अर्ध्या भागाला आठ भोकं पाडलेला गोळा आपणहून वळायला लागला. मनगट पिळायला नको, खांदा मोडायला नको. भोकं कुठल्या बाजूला धरायची एवढंच बघायचं. पुढे कारखाना निघाला. तो आजही त्याच राज्यात शेल्टनला आहे आणि मलेनींच्याच घरात आहे. 2017 साली या चेंडूला अमेरिकेच्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. त्याच वर्षी ती कागदी विमानालाही मिळाली. म्हणजे निरुपद्रवीपणात हा चेंडू कोणाच्या पंक्तीला बसतो ते बघा.

नियमही तसेच सोज्वळ. एका बाजूला एक असे दोघेही खेळू शकतात, जास्तीत जास्त पाचास पाच. मैदान 20 फूट रुंद आणि 60 फूट लांब असलं तरी चालतं. धावायचं तर नाहीच. चेंडू अमुक खुणेपलीकडे गेला की एक बेस, तमुक खुणेपलीकडे गेला की दोन, असं मोजायचं. बेसवर कोणी माणूस उभा नसतो. आहे असं सर्वांनी मानायचं असतं. काच गेली, खांदा गेला, धावपळ गेली, मैदान गेलं. एवढ्या अडचणी दूर करूनही एक अडचण मलेनींना दूर करता आली नाही. हा खेळ माणसांनाच खेळावा लागतो.

आमच्याकडे एका संघाचा कॅप्टन मी, कारण बॅकयार्ड माझं. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा कायदा आम्ही सगळे लहानपणीच शिकून आलो होतो. इथे बॅटच्या जागी मॉर्टगेज आलं, इतकंच. दुसऱ्या संघाचा कॅप्टन माझा मेव्हणा. तो बॉस्टनला राहतो, रेड सॉक्सची टोपी घालतो आणि कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्यावरचे व्हिडिओ बघतो. गुणलेखक माझ्या सासूबाई. पुण्याच्या शाळेत गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. किराणा दुकानाच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या हिशेब मांडतात, आणि एकदा मांडलेला हिशेब त्यांनी आजवर ना मुलासाठी बदलला, ना जावयासाठी. दोघेही त्यांच्यावर सारखेच नाराज असतात, त्यावरून त्यांच्या निःपक्षपातीपणाची कल्पना यावी.

मैदानाचे स्थानिक नियम मुंबईच्या कुठल्याही सोसायटीला शोभतील असे. डेकवर गेला तर आऊट. ग्रिलवर गेला तर आऊट, शिवाय नवा चेंडू आणून द्यायचा. शेजाऱ्याकडे गेला तर ज्याने मारला त्याने जाऊन, बेल वाजवून, इंग्रजीत माफी मागून आणायचा. आणि कढीपत्त्याच्या कुंडीला लागला तर तो सबंध संघच बाद. हा शेवटचा नियम माझ्या बायकोने केलेला. ते झाड दर ऑक्टोबरात घरात येतं, हिवाळाभर खिडकीशी दिव्याखाली बसतं, वसंत ऋतूत दोघांनी उचलून बाहेर न्यावं लागतं. घरातल्या कुठल्याही माणसाची एवढी सरबराई होत नाही. ही कुंडी दुर्दैवाने फर्स्ट बेसच्या जागीच आहे. हलवायला ती तयार नाही. झाड नव्हे, बायको.

पहिल्या दिवशी गडी वाटून झाले आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा उरला. कोणीतरी सवयीने म्हणालं, "तो कच्चा लिंबू."

हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. त्याला समजावून सांगितलं: तू दोन्ही बाजूंनी खेळायचंस, आऊट झालास तरी आऊट नाही, आणि कोणी तुझ्यावर ओरडणार नाही. अपमान वाटून तो रडेल अशी आमची तयारी होती. त्याने थोडा विचार केला.

"म्हणजे मी हरूच शकत नाही?"

"नाही."

"मग तुम्ही सगळे कच्चा लिंबू का होत नाही?"

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आमचे एक मित्र पुढे आले आणि हळूच म्हणाले, "अजून एक जागा असेल तर माझं नाव घ्या." त्यांच्या मागोमाग आणखी दोघं. शेवटी पात्रता ठरवावी लागली: वय दहाच्या आत, किंवा डॉक्टरची चिठ्ठी.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. मुक्काम दादर, वय 78, उन्हाळ्यापुरते इथे. त्यांचं आयुष्य शिवाजी पार्कवर गेलं. खेळण्यात थोडं, आणि कट्ट्यावर बसून बाकीचे कसे चुकीचे खेळतात ते सांगण्यात पुष्कळ. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ते डेकच्या पायऱ्या उतरले. पिवळी बॅट हातात घेऊन त्यांनी ती डोळ्याला लावून आरपार पाहिली.

"ही बॅट?"

"हो अण्णा."

"ही फुंकणी आहे."

तरी त्यांनी गार्ड मागितला. स्टंप नव्हते, पण लेग स्टंप कुठे असता याची त्यांनी पायाने खूण केली. मुलीने पहिला चेंडू टाकला. तो चांगला वळला. अण्णांचा डावा पाय पुढे, कोपर वर, मान चेंडूवर, बॅट सरळ. चेंडू मुकाट्याने त्यांच्या पायाशी पडला. सावलीतल्या ज्येष्ठांनी "वा!" म्हटलं.

"आजोबा, हे चालत नाही," मुलगी म्हणाली.

"का? खाली ठेवला मी."

"नुसता अडवायचा नाही. बॅट पूर्ण फिरवायची. नियमात लिहिलंय."

अण्णांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मुलीला काय वळण लावलं आहे, असं ते बघणं होतं. "डिफेन्सला बंदी?" ते म्हणाले. "अरे, मग खेळायचं काय?"

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. 7 जून 1975 रोजी, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, लॉर्ड्सवर इंग्लंडने 60 षटकांत 4 बाद 334 धावा केल्या. उत्तरादाखल सुनील गावसकर सलामीला आले ते 60 षटकं संपेपर्यंत उभे राहिले आणि 174 चेंडूंत 36 धावा काढून नाबाद परतले. भारत 3 बाद 132. साऱ्या देशाने कपाळाला हात लावला होता. अण्णांचं मत मात्र आजतागायत एकच आहे: "विकेट फेकली नाही, हे कोणी बघतच नाही." अशा माणसाला पिवळ्या फुंकणीने आडवे पट्टे मारायला सांगणं म्हणजे धर्मांतर करायला सांगणं होतं.

ते थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग नातीला म्हणाले, "आऊट कसा होतो ते वाच बघू. सगळं वाच."

तिने वाचलं. उडालेला चेंडू झेलला तर आऊट. जमिनीवरून जाणारा चेंडू चालता असताना पकडला तर आऊट. आणि मारायला जाऊन तीनदा चुकला तर आऊट.

"मारायला जाऊन."

"हो."

"आणि मारायला गेलोच नाही तर?"

मुलीने पुन्हा वाचलं. मेव्हण्याने कागद तिच्या हातातून घेऊन वाचला. मग मी वाचला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला आणि निर्णय दिला, "बरोबर आहे त्यांचं. बॅट फिरवल्याशिवाय स्ट्राइक नाही."

त्यानंतर अण्णांनी जी खेळी केली तिला आमच्या वर्तुळात तोड नाही. प्रत्येक चेंडूला ते बॅट खांद्यावर उचलत, चेंडू जाऊ देत, आणि स्वतःच म्हणत, "वेल लेफ्ट." मेव्हण्याने भोकं डावीकडे धरून टाकला. वेल लेफ्ट. उजवीकडे धरून टाकला. वेल लेफ्ट. एक तर सरळ त्यांच्या पोटावर येऊन आदळला. 20 ग्रॅम. त्यांनी तो शर्टावरून झटकला. ग्रिलवरच्या कणसांचा कोळसा झाला. दुसरी कणसं लावली, त्यांचाही झाला. क्षेत्ररक्षक एकेक करून आत जाऊन चहा पिऊन आले. कोणाचं तरी बाळ झोपून उठलं. मेव्हण्याचा खांदा भरून आला. ज्या दुखण्यावर उपाय म्हणून 1953 साली हा चेंडू निघाला, नेमकं तेच दुखणं. अखेर माझ्या बायकोने डेकवरून हाक मारली, "बाबा, पानं घेतलीयत."

अण्णांनी आभाळाकडे बघितलं, उजेडाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "डिक्लेअर." मग बॅट उंचावून, डेकला अभिवादन करत परतले. शून्यावर नाबाद.

पुढच्याच रविवारी आम्ही नियम बदलला. मागे लोखंडी खुर्ची ठेवली. चेंडू खुर्चीला लागला की स्ट्राइक, बॅट फिरवा की न फिरवा. 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेनंतर क्रिकेटचे नियम बदलावे लागले होते. आमच्याकडे ते अण्णांमुळे बदलले, आणि दादरला फोनवर ते हे अजून सांगतात.

गोलंदाजीचं दुखणं वेगळं. ते जून 2024 मध्ये जडलं. त्या महिन्याच्या 6 तारखेला टेक्सासमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. 12 तारखेला न्यूयॉर्कजवळ त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं आणि मागोमाग रोहित शर्मालाही. बातमीत असं होतं की हा मुलगा 2010 साली भारताकडून 19 वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, आणि ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या मंडळींनी यातले शेवटचे दोन शब्द तेवढे वाचले.

तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक डेटाबेसवाल्याला, टेस्टिंगवाल्याला आणि एका विम्याच्या एजंटालाही वाटतं की आपल्याला फक्त योग्य वेळी फोन आला नाही. एका मित्राने तर रनअपच आखला. रनअपची या खेळात गरज नाही, पण ते त्याला सांगायचं कोणी? बॅकयार्डात तो मावेना, म्हणून तो पुढच्या अंगणातून, ड्राइव्हवेवरून सुरू होतो, गॅरेजला वळसा घालतो, बाजूच्या फाटकातून आत येतो आणि चेंडू टाकतो. मधला बराच काळ तो कोणाला दिसत नाही. नुसता पावलांचा आवाज जवळ येत राहतो. एकदा तो फाटकातून झेपावत आत आला तेव्हा बॅट्समन भजी आणायला गेला होता. एकदा फाटकच लावलेलं होतं. हे सगळं करून शेवटी हातातून सुटतं काय, तर 20 ग्रॅम प्लॅस्टिक, ज्याला समोरून आलेली झुळूकही परत पाठवू शकते.

मेव्हण्याने मात्र अभ्यास केला. या खेळात मुरलेले पिचर कोरा चेंडू वापरत नाहीत. सँडपेपरने किंवा चाकूने त्याच्यावर ओरखडे काढून घेतात, म्हणजे तो अधिक वळतो. 2018 साली केपटाऊनला सँडपेपर सापडला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला वर्षभर घरी बसावं लागलं होतं. इथे तेच कौशल्य समजलं जातं. मेव्हण्याकडे सँडपेपर नव्हता. त्याने स्वयंपाकघरात शोधाशोध केली. त्या दिवशी त्याचा चेंडू असा काही वळला की अण्णासुद्धा "अरे!" म्हणाले. जेवताना सासूबाईंनी गाजराच्या कोशिंबिरीचा दुसरा घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"यात ओलं खोबरं घातलंय का कोणी?"

"नाही आई," माझी बायको म्हणाली.

सासूबाईंनी जिभेवरून एक पांढरा कीस काढून ताटाच्या कडेला ठेवला. तो त्यांनी नीट पाहिला. मग ओट्यावरच्या किसणीकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा कणीस खाण्यात गढून गेला होता. जेवणं झाल्यावर त्यांनी जाहिरातीचा कागद काढला, पोटच्या मुलाच्या नावापुढे फुली मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: किसणी.

तरीसुद्धा बॅटिंग, बोलिंग आणि कोशिंबीर यांवरून होणारी भांडणं किरकोळ म्हणावीत अशी भांडणं बेसवर उभ्या असलेल्या अदृश्य माणसांवरून होतात. धावणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून त्यांना काढून टाकलं, पण दिसत नसलेला माणूस कुठे आहे हे सिद्ध करणं फार कठीण. माझा माणूस सेकंड बेसवर आहे असं मी म्हणतो. मेव्हणा म्हणतो, "भावोजी, तो केव्हाच आऊट झाला."

"कधी?"

"तुम्ही पन्हं पीत होता तेव्हा."

यावर पुरावा काय द्यायचा? माझ्या एका मित्राने आपला अदृश्य माणूस चपळ असल्याचा दावा केला; साध्या फटक्यावर तो दोन बेस पळाला म्हणे. समोरच्यांनी विचारलं, "कोण आहे तो?" मित्र म्हणाला, "पी. टी. उषा." मग पलीकडच्या संघाने बेसवर मिल्खा सिंगना आणलं. मागच्या जुलैत तर एक काकू ताटं घेऊन मधूनच निघाल्या तेव्हा चारपाच जण एकदम ओरडले, "काकू, तिथे माणूस आहे!" काकू दचकून बाजूला झाल्या. "सॉरी हं," त्या रिकाम्या गवताला म्हणाल्या. आणि मग कुठलीही मराठी बाई विचारील तेच त्यांनी विचारलं: "जेवलेत का ते?"

चेंडू "चालता" असताना पकडला की आऊट, हा नियमही वाटतो तितका सोपा नाही. 20 ग्रॅमचा चेंडू गवतात शिरला की थांबतो कधी आणि हलतो कधी हे त्यालाही सांगता येणार नाही. मी पकडला तेव्हा तो हलत होता. मेव्हण्याच्या मते माझ्या हाताच्या वाऱ्याने हलला. फिजिक्समध्ये पीएचडी केलेले एक गृहस्थ आमच्यात आहेत, त्यांना मत विचारलं तर ते म्हणाले, "कशाच्या सापेक्ष?" त्यांना आता आम्ही फक्त बर्फ आणायला सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहतात. बालपण याच खेळात गेलेलं. सुरुवातीला ते कुंपणावरून कौतुकाने बघत. एकदा आमची एका स्ट्राइकवरून चर्चा चालू असताना ते फाटकाशी आले आणि चिंतेने म्हणाले, "सगळं ठीक आहे ना? कोणाला बोलावू का?"

"नाही, नाही. आम्ही नुसतं बोलतोय."

आम्हाला तो शुभशकुन वाटला. तटस्थ माणूस, खेळातला जाणकार, दोन्ही बाजूंना नातं नाही. आम्ही त्यांना आग्रहाने अंपायर केलं. त्यांनी टोपी नीट केली, पहिला चेंडू पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "स्ट्राइक." पुढच्या क्षणी त्यांच्याभोवती सगळे जण उभे होते आणि प्रत्येक जण वेगळ्या मुद्द्यावर बोलत होता, त्यातले दोघे तर त्यांच्याच बाजूचे होते, पण त्या कारणांशी सहमत नव्हते. सासूबाईंनी त्यांना आपला कागद दाखवला. अण्णांनी त्यांना गावसकर सांगितले. बटाटेवड्याची प्लेट घेऊन ते घरी गेले. तेव्हापासून आमच्याकडे नाणेफेक झाली की ते त्यांचं गवत कापायचं मशीन सुरू करतात, आणि डाव संपेपर्यंत बंद करत नाहीत. त्यांच्या आवारातलं गवत हल्ली फार सुंदर दिसतं.

राहिला प्रश्न लागण्याचा. या चेंडूने आजवर कोणालाही इजा केलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण हवेत बॅट फिरवून एकाची मांडी धरली. चेंडू उचलायला वाकला म्हणून एकाच्या कमरेत चमक भरली. एक जण तर खेळतही नव्हता, खुर्चीत बसल्या बसल्या "आऊट!" म्हणून दोन्ही हात वर करायला गेला आणि खुर्चीने घडी घेतली. माझं म्हणाल तर मी अपील करताना उडी मारली आणि उतरलो तो नेमका गवतातल्या स्प्रिंकलरवर. घोटा सुजला. दवाखान्यात नर्सने माहिती भरायला घेतली.

"कशाने लागलं?"

"व्हिफल बॉल खेळताना."

तिने टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं. "चेंडू लागला?"

"नाही. चेंडू लांब होता."

"धावताना पडलात?"

"यात धावत नाहीत."

"मग?"

"मी बरोबर होतो," मी म्हणालो. "ते मान्य करत नव्हते."

तिने काय लिहिलं ते मला दिसलं नाही. माझी बायको ते वाचून हसली, आणि मेव्हण्याला तिने ते लगेच कळवलं. मुलगी गाडीत मागे बसून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गेम." ही मुलं इथे वाढली, त्यामुळे त्यांना खेळ कशाला म्हणतात हे कळत नाही.

येत्या लेबर डेला दुपारी 4 वाजता आमच्याकडे पुढचा सामना आहे. अण्णांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं आहे आणि खुर्चीच्या नियमात त्यांना एक फट सापडली आहे, असं ते म्हणतात. खेळाडू भरपूर आहेत, कच्चे लिंबूही पुरेसे झाले आहेत. अंपायर मात्र नाही. आपल्यापैकी कोणी न्यू जर्सीत असाल, आमच्या दोन्ही घराण्यांशी आपलं नातं नसेल आणि थोडं कमी ऐकू येत असेल, तर जरूर या. जेवण आमच्याकडे. कोशिंबीर तेवढी आपल्या घरून आणा.